बायजाबाई शिंदे : कागलची लेक, ग्वाल्हेरची धनीण

ग्वाल्हेर स्टेशनच्या बाहेर पडून शहराकडे निघाले की लागणाऱ्या भागाला 'पडाव' म्हणतात. तेथून फूलबाग हाकेच्या अंतरावर. फूलबागेच्या परिसरात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, घोड्यावर स्वार झालेला त्यांचा पुतळा आहे, आणि ग्वाल्हेरला जाणारा मराठी माणूस तेथे माथा टेकवल्याशिवाय परतत नाही. ते योग्यच आहे. पण त्या गावाच्या पेठांची नावे जरा कान देऊन ऐकली तर त्यांत दुसरीच एक कथा ऐकू येते. पडाव म्हणजे मुक्काम. जवळच 'शिंदे की छावनी'. पलीकडे 'कंपू', म्हणजे पलटणींचा कॅम्प. आणि या सर्वांना पोटात घेणारे शहर म्हणजे 'लष्कर'. सन १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तो तळ पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले आणि छावणीचे शहर झाले. आपल्या सीमाभागातील वाचकांना ही गंमत लगेच कळावी. कानडीतला 'बिडार' म्हणजे मुक्कामाची जागा. तोच शब्द मराठीत 'बिऱ्हाड' होऊन स्थिर झाला. ग्वाल्हेर हे असे मराठ्यांच्या बिडाराचे झालेले बिऱ्हाड आहे.

या बिऱ्हाडाची एके काळची कर्ती बाई आपल्या अगदी उंबरठ्यावरची होती. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालो की कोगनोळीनंतर महाराष्ट्र लागतो आणि लगेच कागल येते. त्या कागलच्या घाटगे घराण्यात १७८४ साली बायजाबाईंचा जन्म झाला. सहा वर्षे त्यांनी शिंद्यांच्या विस्तीर्ण राज्याचा कारभार स्वतःच्या हाताने चालवला, सावकारी पेढ्या सांभाळल्या, काशीत मंडप बांधला, इंग्रज गव्हर्नर जनरलशी वाटाघाटी केल्या आणि अखेर वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत जगून ग्वाल्हेरातच देह ठेवला. कागलमध्ये आज किती घरांत त्यांचे नाव ठाऊक आहे, याचा विचार केला की वाईट वाटते. आपल्याला तलवार उपसून पडलेली राणी आठवते. हिशेबाची वही सांभाळणारी राणी आठवत नाही.

बापाचे नाव आणि लेकीचे कर्तृत्व

बायजाबाईंचे वडील सखाराम घाटगे, म्हणजेच इतिहासातले सर्जेराव घाटगे. हे नाव पुण्याच्या आठवणीत काळ्या शाईने लिहिले गेले आहे. मुलगी देखणी होती, तरुण दौलतराव शिंद्यांनी तिला मागणी घातली, आणि सर्जेरावांनी या सोयरिकीच्या बदल्यात दिवाणगिरी पदरात पाडून घेतली. १७९८ च्या आरंभी पुण्यात लग्न झाले. लग्नाचा खर्च आणि फौजेचे थकलेले पगार यांसाठी सर्जेरावांनी पुणेकरांवर जो जुलूम केला, त्याच्या हकिकती वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्या सगळ्या उलाढालीत चौदा वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारले असेल असे मानण्याचे कारण नाही. तिला एक सौदा म्हणून सासरी धाडले होते. पण बापाच्या दुष्कीर्तीची सावली जन्मभर लेकीवर राहिली, आणि मराठी इतिहासकारांचे तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण हेही असावे.

सासर म्हणजे घर नव्हते, ते चालते सैन्य होते. बायजाबाई उत्तम घोडा फेकीत, तलवार आणि भाला चालवण्याचे शिक्षण त्यांना मिळाले होते, आणि दौलतरावांच्या स्वाऱ्यांत त्या बरोबर असत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, त्या मोहिमेचा अनुभव त्यांनी एकोणिसाव्या वर्षी घेतला. १८०९ साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या फिरत्या छावणीबरोबर राजपुतान्यातून हिंडत होता. त्याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कापडाचे, धान्याचे, सराफांचे बाजार, नाचगाणी, सण, पगारासाठी धरणे धरून बसलेले शिपाई, असे सारे शहरच्या शहर रोज सकाळी उठून पुढे चालत असे, याचे चित्र त्यांत आहे. त्याच वर्षी छावणीतच सर्जेरावांचा खून झाला. कर्जाच्या आणि पगाराच्या तगाद्यात कायम बुडालेली ही छावणी हीच बायजाबाईंची शाळा. राज्य पराक्रमाने मिळत असले तरी टिकते ते वेळेवर दिलेल्या पगाराने, हा धडा त्यांनी येथे घेतला असावा. कारण पुढे त्यांचे सर्वांत मोठे सामर्थ्य पैशाच्या व्यवहारात दिसते.

राजकारणात मात्र त्या नवऱ्यापेक्षा कडव्या होत्या. १८१७ साली पेंढाऱ्यांच्या निमित्ताने इंग्रजांनी शिंद्यांना कोंडीत पकडले तेव्हा दुसऱ्या बाजीरावाला साथ द्यावी, असा बायजाबाईंचा आग्रह होता. दौलतरावांनी नोव्हेंबरात तह करून मान तुकवली, तेव्हा बाईंनी त्यांना भित्रेपणाबद्दल सुनावले आणि काही काळ त्या नवऱ्यापासून दूरही राहिल्या, असे सांगतात. अजमेर इंग्रजांना देऊन टाकण्यालाही त्यांचा विरोध होता.

तीन दत्तक, तीन निकाल

२१ मार्च १८२७ रोजी दौलतराव वारले. पोटी मुलगा नव्हता. राज्याचा कारभार बायजाबाईंनी पाहावा अशी त्यांची इच्छा होती. बाईंनी शिंदे कुळातल्या मुगुटराव नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, तोच जनकोजीराव.

येथे आपण थोडे थांबून आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. याच्या तीनच वर्षे आधी, १८२४ साली, कित्तूरच्या गादीवर शिवलिंगप्पाला दत्तक घेतले गेले. धारवाडच्या थॅकरेने ते दत्तक अमान्य केले. राणी चन्नम्मांनी शस्त्र उचलले, २३ ऑक्टोबर १८२४ रोजी थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यापुढे मारला गेला. पण डिसेंबरात कित्तूर पडले आणि २ फेब्रुवारी १८२९ रोजी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असतानाच चन्नम्मांचा अंत झाला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, दामोदररावांचे दत्तक अमान्य झाले आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. कित्तूर, ग्वाल्हेर, झाशी. तिन्ही ठिकाणी एक विधवा, एक दत्तक मुलगा आणि एकच कंपनी सरकार. दोन ठिकाणी दत्तक नाकारले, म्हणून लढाई झाली, आणि लढाईमुळे त्या दोन्ही राण्या पोवाड्यांत आल्या. ग्वाल्हेरचे दत्तक मात्र मान्य झाले. म्हणून तेथला झगडा रणांगणावर न होता एका शब्दावर झाला : बायजाबाई राज्याच्या धनीण, की मुलगा मोठा होईपर्यंतच्या राखणदार?

बाईंचे उत्तर स्पष्ट होते. नवऱ्याने राज्य आपल्या हवाली केले आहे, आपण हयात असेपर्यंत कारभार आपला. जनकोजीचे म्हणणे, दत्तक झाल्या दिवशीच गादी आपली झाली. कंपनीला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या पटत होत्या, आणि हीच तिची सोय होती.

वहीतले राज्य

त्या सहा वर्षांत बाईंनी काय केले? पहिली गोष्ट म्हणजे त्या स्वतः सावकार होत्या. माळव्याचा त्या काळचा व्यापार, विशेषतः अफूचा, उज्जैनच्या पेढ्यांवर उभा होता. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देणे, माल बंदराकडे रवाना करणे, हुंडी वटवणे ही कामे पेढ्या करीत. उज्जैनच्या नाथजी किशनदास या पेढीमागे बायजाबाईंचे भांडवल होते. राज्यकर्त्याने सावकाराकडून कर्ज काढावे आणि त्याच्या मुठीत जावे, ही उत्तर मराठेशाहीची जुनी व्याधी. पेशवे, होळकर, खुद्द दौलतराव याच रोगाने खचले. बायजाबाईंनी राज्यकर्ता आणि सावकार या दोन्ही भूमिका एकाच हातात आणल्या. कंपनी सरकारलाही त्यांच्या दरबाराकडून कर्ज घ्यावे लागले. ज्या काळी बायकांनी पैशाला हात लावायचा तो फक्त वाण-वसा देण्यापुरता, त्या काळी कागलची ही लेक हुंडीच्या व्यवहारात मुरली होती.

दुसरी गोष्ट बांधकामांची. काशीला विश्वेश्वराच्या मंदिराशेजारी ज्ञानवापीच्या विहिरीवर दगडी खांबांचा मंडप १८२८ साली त्यांनी उभारला. काशीचा शिंदे घाटही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. त्याचा भार एवढा झाला की जमीन खचली आणि काठचे एक शिवमंदिर गंगेत कलले, ते आजही तसेच अर्धे पाण्यात उभे दिसते. उज्जैनचे गोपाळमंदिर त्यांनीच बांधले. दानधर्म तर सगळ्याच राण्या करीत. पण काशी आणि उज्जैन ही तीर्थे जशी होती तशीच हुंड्यांच्या बाजाराची ठाणीही होती. तीर्थात मंडप उभा राहिला की पेढीची पतही वाढते, हे त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल?

पण त्यांचे दोषही झाकू नयेत. दत्तक मुलाला त्यांनी इतके दाबात ठेवले की तो शत्रूच झाला. भाऊ हिंदुराव घाटगे यांचा दरबारात बोलबाला वाढला, आणि 'घाटगे मंडळींचे राज्य' ही कुजबुज शिंद्यांच्या सरदारांत सुरू झाली. मुलगा वयात येत होता, त्याला राजाचे शिक्षण आणि थोडा अधिकार देऊन आपल्याकडे वळवून घेणे अशक्य नव्हते. व्यवहारात इतकी धोरणी असलेली बाई घरातल्या या एका गुंतवणुकीत चुकली.

पुन्हा पडाव

१८३२ च्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक ग्वाल्हेरला आले. बाईंनी त्यांचा थाटाने सत्कार केला. जनकोजीनेही आपले गाऱ्हाणे मांडले. बेंटिंकनी कोणालाच ठाम वचन दिले नाही, आणि जुलै १८३३ मध्ये फौजेतल्या पलटणी जनकोजीच्या बाजूने उठल्या. बायजाबाई रेसिडेन्सीच्या आश्रयाला गेल्या. कंपनीने तटस्थपणाचे सोवळे पाळले, नव्या राजाला मान्यता दिली आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. धौलपूर, आग्रा, फरुखाबादजवळचे फत्तेगड, पुढे अलाहाबाद : एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांच्या नशिबी पुन्हा तंबू आणि पडाव आले. बरोबर माणसे मोठ्या संख्येने होती, काशीत ठेवलेल्या धनावरून वाद सुरू होता, आणि ग्वाल्हेरच्या इतक्या जवळ ही बाई राहू नये म्हणून कंपनी त्यांना सतत पुढे ढकलत होती.

याच वनवासात एक विलक्षण भेट घडली. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई १८३५ साली फत्तेगडला बायजाबाईंना भेटली आणि पुढे अलाहाबादलाही भेटत राहिली. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात तिने या भेटी सविस्तर लिहिल्या आहेत. इंग्रज बायका दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून घोड्यावर बसतात, हे पाहून मराठा स्त्रियांना नवल वाटले आणि हसूही आले. मग पार्क्सने मराठा पद्धतीने दोहीकडे पाय टाकून घोडा चालवून पाहिला आणि तिला ती पद्धत फारच पसंत पडली. पण खरी महत्त्वाची आहे ती त्यांची बोलणी. हिंदू विधवेच्या हालअपेष्टा आणि इंग्लंडातल्या विवाहित स्त्रीची कायद्याने झालेली गुलामी, यांविषयी त्या दोघी बोलल्या. इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची मिळकत तेव्हा नवऱ्याची होत असे. तेथे विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा हक्क देणारे महत्त्वाचे कायदे १८७० आणि १८८२ साली झाले. पेढीची मालकीण असलेल्या बाईला ते ऐकून काय वाटले असेल? आपल्याकडे स्त्रियांच्या हक्कांची चर्चा इंग्रजी शिक्षणानंतर सुरू झाली असे आपण वर्गात शिकवतो. फत्तेगडच्या मुक्कामातले हे संभाषण जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या पहिल्या मुलींच्या शाळेच्या तेरा वर्षे आधीचे आहे.

१८४० च्या सुमारास बायजाबाई दक्षिणेत, नाशिकला येऊन राहिल्या. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजी निपुत्रिक वारला. पुन्हा दत्तक, पुन्हा दरबारातले तट, आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार येथे एकाच दिवशी झालेल्या दोन लढायांत ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव. ज्या पलटणींनी बाईंना हाकलले होते, त्यांचेच कंबरडे दहा वर्षांत मोडले. पुढे बाई माळव्यात आणि मग ग्वाल्हेरात परतल्या, आणि नव्या जयाजीरावांच्या काळात वडीलधाऱ्या म्हणून त्यांचा मान राहिला.

लक्ष्मीबाई आणि बायजाबाई

वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' पुष्कळांनी वाचला असेल. १८५७ सालच्या झाशीचे मराठीतले एवढे जिवंत वर्णन दुसरे नाही. हे गोडसे भटजी उत्तरेत का गेले होते? कर्ज फेडायचे होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणापर्यंत पोचली होती, म्हणून. यज्ञाच्या वाटेवर बंडाने त्यांना गाठले. म्हणजे लक्ष्मीबाईंची जी मूर्ती आपल्या मनात आहे, तिचा एक मोठा भाग बायजाबाईंच्या दानाच्या कीर्तीमुळे आपल्या हाती आला.

१ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीरावांची फौज तात्या टोपे, रावसाहेब आणि लक्ष्मीबाईंना मिळाली, आणि जयाजीराव आग्र्याला पळाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बायजाबाई राजघराण्यातल्या स्त्रियांना घेऊन नरवरकडे गेल्या. बंडवाल्यांनी त्यांना परत येऊन ग्वाल्हेरचा कारभार हाती घेण्याची विनंती केली. बाईंनी ती मानली नाही. आलेले पत्र इंग्रजांकडे पाठवून दिले. जूनच्या मध्याला कोटा-की-सराईच्या लढाईत लक्ष्मीबाईंना वीरमरण आले, आणि आज फूलबागेत समाधी आहे तेथे त्यांच्या देहाला अग्नी मिळाला.

येथे वाचकाचे मन अडखळते. १८१७ साली नवऱ्याला इंग्रजांशी लढ म्हणणारी बाई १८५८ साली इंग्रजांकडे पत्र धाडते! याला कोणी कच खाणे म्हणेल. मला असे वाटते की त्यांनी असईची लढाई आणि महाराजपूरचा परिणाम, दोन्ही पाहिले होते. पगाराविना उठणाऱ्या फौजा किती दिवस टिकतात याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. तो हिशेब बरोबर निघाला. तीन आठवड्यांत ग्वाल्हेर पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले. पण इतिहासात हिशेब बरोबर निघाला म्हणून कोणाचा पुतळा होत नाही, आणि हरणाऱ्या बाजूने प्राण देणाऱ्या राणीपुढे आपले मस्तक लवते, ते लवलेच पाहिजे. म्हणणे एवढेच की एकीला वंदन करताना दुसरीला पुसून टाकू नये. सार्वजनिक जीवनात स्त्रीने मरण पत्करले तरच ती थोर, आणि राज्य चालवले तर ती कारस्थानी, हा मापदंड आपण पुरुषांना कधी लावला आहे का? १८६३ साली बायजाबाई वारल्या, तेव्हा अनेक वर्षे राज्यकारभार पाहिलेल्या, जगलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या स्त्रीसाठी पोवाड्यात जागा नव्हती.

नावे राहतात, माणसे विसरतात

दिल्लीला उत्तरेकडच्या टेकडीवर 'हिंदुराव हॉस्पिटल' नावाचे मोठे रुग्णालय आहे. हे हिंदुराव म्हणजे बायजाबाईंचे भाऊ. विल्यम फ्रेझरच्या १८३५ मधल्या खुनानंतर त्याचा बंगला हिंदुरावांकडे आला, त्यावरून हे नाव पडले. रोज हजारो दिल्लीकर कागलच्या घाटग्यांचे नाव घेतात आणि ते कोणाचे, हे कोणालाच माहीत नसते. खुद्द ग्वाल्हेरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले, ते गजराराजे यांच्या नावाने. त्या गोव्याच्या राणे घराण्यातल्या, ग्वाल्हेरच्या महाराणी. तेथून आजवर कितीतरी मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

आणि कागलचे? त्याच घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव जन्मले, १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि शाहू महाराज झाले. याही दत्तकाच्या मागे एक विधवा राणी, आनंदीबाई, होत्या. शाहू महाराजांचा धाकटा मुलगा १९१८ साली गेला तेव्हा त्याची पत्नी इंदुमतीदेवी अगदी लहान होत्या. महाराजांनी विरोध न जुमानता सोनतळीच्या कॅम्पवर या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि तिच्या सोबतीला इतर मुलीही शिकवल्या. विधवा सुनेला शहाणे करावे, तिच्या हाती पुस्तक द्यावे, असे या घराण्यातल्या पुरुषाला वाटले, यामागे आत्याबाईंची कहाणी कितपत होती हे कोणी सांगावे? पण शंभर वर्षांपूर्वी एक लेक सौद्यात सासरी गेली आणि शंभर वर्षांनी एका सुनेसाठी शाळा भरली, एवढा प्रवास त्या एका गावाने पाहिला.

आपण दोन भाषांच्या सीमेवर राहतो. आपल्या मुलांना चन्नम्माही येतात आणि लक्ष्मीबाईही येतात. मराठी शाळेत एक, कन्नड शाळेत दुसरी, आणि दोघींच्या जयंत्या आपण सारख्याच उत्साहाने करतो. त्यांच्या मध्ये बसणारी ही तिसरी बाई दोन्ही पुस्तकांत नाही. तिच्या नावाने पुतळा उभारा, असे मी म्हणत नाही. इतिहासाच्या तासाला कित्तूर शिकवून झाले की फळ्यावर आणखी एक ओळ लिहावी : १८२७ ते १८३३, ग्वाल्हेर, बायजाबाई शिंदे, माहेर कागल. वर्गातली एखादी मुलगी विचारील, 'सर, त्या लढल्या का?' तिला सांगावे की तरुणपणी लढाया पाहिल्या, आणि नंतर त्याहून अवघड काम केले. त्यांनी राज्य चालवले.